खळ वाळण्याआधी

कालामात भिंतीला खळ लावली
की कागद टेकेपर्यंत ती वाळते.
म्हणून निबाल्दो ब्रश फिरवतो
आणि मी जवळजवळ त्याच्या काखेतून
पोस्टर दाबत जाते,
तळहाताने, कोपराने, एकदा तर कपाळाने.
रात्रीचे दोन. चाळीस पोस्टरं, तेवीस चिकटली.
बाकीची वाऱ्याने नेली बोलिव्हियाच्या दिशेने.
"चला, परदेशातही प्रसिद्धी सुरू झाली," एलिसेओ म्हणाला.

शुक्रवारी गाणं बाहेर येतंय.
बँडचं नाव 'तिसरी पाळी',
कारण चौघांपैकी तिघं तीच करतात.
मी नाही. मी टायरांच्या गोदामात हिशेब लिहिते.
एकेक टायर दोन माणसं उंच,
त्याच्या पोकळीत उभं राहून बेस वाजवला
तर आधी दाढांना ऐकू येतो.

आमच्या गावची सगळी क्रियापदं एकाच धातूची:
खणणं, वाहणं, दळणं, खोकणं.
गाण्याचं नाव 'उरलेलं'.
तांबं काढून घेतल्यावर
जे राखाडी पाणी तळ्यात सोडतात, ते.
साडेपाच मिनिटं.
रेडिओवाला म्हणाला, तीन करा.
म्हणाला, यास्ना, तू तरी समजूतदार दिसतेस,
एखादं कडवं कळेल असं नाही का म्हणता येणार?
शेवटी जागा दिली, मंगळवारी पहाटे,
हरवलेल्या ओळखपत्रांच्या निवेदनानंतर, फुटबॉलच्या आधी.
चाळीस सेकंद.

निबाल्दोच्या आईला कुणी काही सांगितलं नव्हतं.
ती खाणीच्या बसथांब्यावर एम्पानादा विकते.
तीनशे पत्रकं उचलून नेली
आणि एकेक एम्पानादा त्यात गुंडाळून दिली.
आता अख्खी सकाळची पाळी
आमचं नाव तेलकट बोटांनी वाचते.
रस्सा नेमका तारखेवर सांडलेला.
एकाने विचारलं, "काय हे, नवीन युनियन?"
"हो," ती म्हणाली, "वर्गणी नाही."

सुरुवातीच्या अकरा सेकंदांबद्दल मात्र
सगळेच विचारतात.
तिथे गिटार नाही, ड्रम नाही.
नुसती खरखर, आत जाणारी,
अडणारी, बाहेर येताना
चाळणीतून खडी पडावी तशी.
सांतियागोहून कुणा मुलाचा फोन आला:
कुठलं मशीन वापरलंत? भन्नाट आहे!
ओसिएल बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "जुनं आहे. आता बनवत नाहीत."

ओसिएलचे वडील. एकतीस वर्षं क्रशरवर.
छातीत दगडाचं पीठ.
उशाशी माइक मी धरला होता,
हाताला मुंग्या आल्या, तरी हलवला नाही.
पुढची साडेपाच मिनिटं ओसिएल ज्या आवाजात गातो
तो त्याने कुठल्या रेकॉर्डवरून उचललेला नाही.
लहानपणी, भिंतीपलीकडून, रोज रात्री.

शुक्रवारी म्हाताऱ्याला ऐकवलं.
नाकात नळी, डोळे छताकडे.
"सुरुवात बरी आहे," म्हणाले, "पुढे फार गोंगाट."
मग, "मला किती मिळणार?"
एलिसेओने मोजलं. दोनशे बारा जणांनी ऐकलं होतं,
त्यात नव्वद वेळा निबाल्दोच्या भाच्याने एकट्याने.
"अर्धी एम्पानादा," तो म्हणाला.
"अर्धीच आण," म्हातारा एवढ्याशा वाक्यात
दोनदा थांबला.
"आणि कागद फेकू नकोस. माझं नाव असेल ना त्यावर?"

आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

परत छापायला पैसे कुठले.
त्या रात्री निबाल्दोने टॉर्च धरला
आणि मी भिंतीभिंतीवर जाऊन
चौघांच्या खाली पाचवं नाव लिहिलं:
एर्मोहेनेस बार्रासा, श्वास.
कागदाचे कोपरे उचलले गेले होते,
डाव्या हाताने दाबून धरत लिहावं लागत होतं.
दवाखान्यामागे, बसथांब्यावर, बंद थिएटरच्या दारावर.
तेविसाव्या भिंतीशी पेन संपलं.
तिथे नुसतं नाव आहे.